जावेचा कॅमेरा

कापूस फुटायला लागला की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नाही. दसरा उलटतो, सकाळी वावरात जाताना पायांना दव लागतं, पऱ्हाटीची पानं लालसर पडतात आणि एकेक बोंड हळूच तोंड उघडतं. काल संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावरून परतताना कापसाच्या पहिल्या दोन-चार कवड्या बाहेर लोंबलेल्या दिसल्या. कुणाही शेतकऱ्याच्या बायकोनं खूश व्हावं असंच ते दृश्य. मला मात्र मागच्या वर्षीचा हंगाम आठवला. त्या हंगामात आमच्या वावरात फिरलेला तो काळा, दोन मुठींत मावेल एवढा कॅमेरा आठवला. मग माझी जाऊ आठवली, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली माझी मुलगी.

जाऊ म्हणजे पल्लवी, माझ्या धाकट्या दिराची बायको. हिंगणघाटची. तिच्या वडिलांचं तिथं कापडाचं दुकान आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला पऱ्हाटी आणि तूर यांतला फरक कळत नव्हता, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खरं म्हणजे कळत होता. पण सांगायला बरं वाटतं.

देवळीपासून जवळच आमचं गाव. एक अंगण, दोन चुली. अंगणाच्या त्या बाजूला पल्लवी मोबाईल समोर धरून व्हिडिओसाठी बोलत असते. वावरातली न्याहारी, मुगाच्या वड्या, तुरीच्या शेंगा सोलणं, काहीही. ‘या माय, बसा’ म्हणून सुरुवात करते, जणू बघणारे तिच्याच ओट्यावर येऊन टेकलेत. बघणारेही पुष्कळ आहेत. हे सगळं मला का आवडू नये याचं एकही धड कारण मला सापडत नाही, आणि म्हणून जास्त राग येतो. ती कुणाची नक्कल करत नाही. भडक काही करत नाही. घरातलं काम आटोपूनच बसते. माणसानं थोडी तरी चूक करावी की नाही?

माझी मुलगी रेणू वर्ध्याला कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला ती यायची म्हणून मी आठवडाभर आधीपासून मनात मांडणी केली होती. तिच्या केसांना तेल लावायचं. दुपारी तिच्या शेजारी पडून मैत्रिणींच्या भानगडी ऐकायच्या. ती आली. पायऱ्यांवर बॅग टाकली आणि अंगणाच्या पलीकडे बघून ओरडली, “काकू, आला का कॅमेरा?”

“आला नं! कवाची वाट पाहून राह्यली मी तुही,” पल्लवी म्हणाली.

मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो तांब्या मी परत माठावर ठेवला.

कॅमेरा देवळीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा होता. त्यानं नवा मोठा घेतला होता आणि हा जुना विकायला काढला होता. पल्लवीला म्हणाला, सुट्टीभर घेऊन जा, वापरून बघा, पसंत पडला तर ठेवा. त्या जातीच्या कॅमेऱ्यांत स्वस्तातला, तरी आमच्यासाठी काही थोडी गोष्ट नव्हती, म्हणून पारखून घ्यायचा असं ठरलं. मिररलेस म्हणतात त्याला. आत आरसा नसतो म्हणे. पाठीमागचा पडदा दारासारखा उघडून पुढं वळवता यायचा, म्हणजे बोलणाऱ्या बाईला आपलंच तोंड दिसत राहतं. पल्लवी तो पडदा वळवून स्वतःकडे बघत केस मागं सारायची तेव्हा माझ्या मनात आलं, आरसा काढून घेतला तरी हौस काही जात नाही.

आमच्याकडे पहिली बोंडं फुटली की वेचणीच्या आधी वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद ठेवायचा. थोडा दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायचा आणि म्हणायचं, बाई, या दह्यासारखं पांढरंशुभ्र वावर फुटू दे. हे काम घरच्या थोरल्या बाईचं. सासूबाई गेल्यापासून ते माझ्याकडे आलं. या घरात अगदी माझं म्हणावं असं जे काही आहे, त्यात हे सगळ्यात वर. त्या दिवशी मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसते, वेचणीच्या बाया मागं उभ्या राहतात, आणि तेवढा वेळ वावर माझं असतं.

मागच्या वर्षी वेचणीच्या बायांच्या जागी कॅमेरा उभा राहिला. रेणूच्या हातात कॅमेरा, पल्लवी तिच्या शेजारी पडद्यात वाकून बघतेय. मी खडे मांडले, कुंकू वाहिलं, दहीभात ठेवला, डोळे मिटले. डोळे उघडते तर रेणू म्हणते, “आई, परत ठेव ना. फोकस मागच्या झाडावर गेला होता.”

“परत? अगं, देवीला निवद दाखवून झाला.”

“फक्त भात उचलून परत ठेव. दोन मिनिटं.”

उष्टा निवद देवीला पुन्हा दाखवायचा? मी उठले, लुगड्याची माती झटकली आणि बाजूला झाले. माझं म्हणणं बरोबरच होतं. आजही मला ते बरोबर वाटतं. पण मी बाजूला झाले आणि जागा रिकामी झाली. रेणू काकूकडे बघायला लागली. पल्लवी आधी नाही म्हणाली, माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, “ताई, तुमची हरकत नसन तर मी नुसते हात दाखवतो. वेगळ्या पऱ्हाटीजवळ. पूजा तं तुमचीच झाली.” मी मान हलवली. न हलवून काय करते?

त्या व्हिडिओत सीतादही करणारे हात पल्लवीचे आहेत. हिरव्या बांगड्या, गोरी मनगटं, पांढरा भात. देखणं दिसतं, हे मलाही दिसतं. देवळीच्या बाजारात भेटलेली एक बाई मला म्हणाली, “तुमच्या जावेनं काय सुंदर सीतादही केली हो!” मी हसून ‘हो ना’ म्हटलं आणि घ्यायची मेथी तिथंच विसरून आले.

मग वेचणी सुरू झाली. ऊन वर यायच्या आत बाया हजर होतात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कमरेला कापूस टाकायची ओटी, आणि डोक्यापासून नाकापर्यंत घट्ट बांधलेला रुमाल. उन्हानं आणि कचऱ्यानं चेहरा सोलून निघतो, म्हणून नुसते डोळे उघडे. वेचायला लागल्या की पऱ्हाटीत कोण कुठली ते आवाजावरूनच ओळखायचं. मीही तशीच बांधून असते. वाळल्या बोंडाच्या नख्या बोटांत रुततात, पण दोन्ही हात चालू लागले की दुपारपर्यंत दुसरं काही सुचत नाही. मला ते काम आवडतं. निदान तेव्हापर्यंत आवडायचं.

त्या कॅमेऱ्याचा मोठा गुण म्हणे असा, की समोर माणसाचं तोंड दिसलं की तो आपोआप त्यावर चौकोन काढतो आणि मग ते तोंड सोडत नाही. रेणूनं तो वावरावरून फिरवला. इतक्या बाया वाकून वेचत होत्या, पण चौकोन एकीवरही बसेना. रुमालाआड चेहरे होतेच कुठं? चौकोन इकडं गेला, तिकडं गेला आणि शेवटी बांधावरच्या बुजगावण्यावर जाऊन बसला. आमच्या यांनी त्याच्या मडक्यावर चुन्यानं डोळे, नाक, मिशा काढल्या होत्या. त्या मिशांवर चौकोन अगदी घट्ट.

पल्लवी हसून हसून खाली बसली. “गीताबाई, पाहा नं! एवढ्या बाया काम करून राह्यल्या अन् याले बुजगावणंच आवडलं.”

गीताबाई आमच्याकडे वर्षानुवर्षं वेचणीला येते. ती कंबर सरळ करून म्हणाली, “आवडन नाई तं काय? थोच एकटा रिकामा उभा हाये. रिकाम्या माणसाचीच फोटो निंघते.”

सगळं वावर हसलं. मीही हसले, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. पल्लवीनं रुमाल बांधला नव्हता. व्हिडिओसाठी तोंड उघडं ठेवलं होतं. ती उठून उभी राहिली तसा चौकोन बुजगावण्यावरून उडाला आणि तिच्यावर जाऊन बसला. मग ती वाकली, वळली, चालली, ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला, चौकोन तिच्याबरोबर. आणि चौकोनामागं माझ्या पोरीचे डोळे.

दुसऱ्या दिवशी मी रुमाल सोडला. ‘फार गरम होतंय आज’ असं मोठ्यानं म्हणत सोडला, कुणी विचारलेलं नसताना. वेचत वेचत पऱ्हाटीच्या दोन ओळी ओलांडून पल्लवीच्या जवळ आले. मान जरा वर ठेवली. इतकी वर मान ठेवून कुणी कापूस वेचत नाही, हे मला कळत होतं.

“आई,” रेणू म्हणाली, “तू मध्ये येतेयस.”

मी मागं सरले. काही नाही, चार पावलं. त्या दिवशी उन्हानं माझं नाक सोललं आणि पुढचे काही दिवस मी त्याला दह्याची साय लावत होते. कुणी विचारलं तर उन्हाचं नाव सांगत होते.

‘तू मध्ये येतेयस.’ हे वाक्य रेणू किती स्वच्छ बोलली! तिला तसं बोलायला मीच शिकवलं. माझं माहेर हिंगणीचं, वडील शाळेत मास्तर, घरात बोलणं पुस्तकी. रेणू लहानपणी ‘मले’ म्हणाली की मी ‘मला’ म्हणवून घ्यायचे. गावात पोरगी मागं पडू नये, एवढाच हेतू होता. ती शिकली. माझ्याशी ती अगदी तसंच बोलते. पण अंगण ओलांडून पल्लवीच्या ओट्यावर गेली की तिची जीभ सैल होते. “काकू, काऊन अशी करून राह्यली तू? थोडी इकडं सरक नं,” असं चालतं. त्या बोलण्यात हसू असतं, एकमेकींना ढकलणं असतं. मी माझ्या चुलीपुढं बसून ते ऐकते आणि मला वाटतं, मी माझ्या पोरीला परक्या माणसांशी बोलायची भाषा शिकवली आणि ती भाषा ती माझ्याशीच बोलते.

त्या सुट्टीत संध्याकाळी गाठोडी घरात आली की दोघी पल्लवीच्या ओट्यावर बसून दिवसभराचं चित्रण बघायच्या. कॅमेऱ्याचा पडदा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. त्यात दोन डोकी. तिसऱ्या डोक्याला जागा नव्हती, आणि कुणी नको म्हटलं होतं असंही नाही. मी तांदूळ निवडण्याच्या निमित्तानं अंगणात मधोमध बसायचे. तिथून सगळं ऐकू यायचं. मी इतकं लक्ष देऊन आयुष्यात कशाकडे पाहिलं नसेल. प्रेमानं बघणारा माणूस मध्येच डोळे मिटतो, सुखावतो. पोटात आग पडलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याची नजर हलत नाही.

त्यामुळे झालं काय, तर त्या कॅमेऱ्याची सगळी अंडीपिल्ली मला कळली. वावर फुलून पांढरं झालेलं असलं की तो कापूस धुरकट दाखवायचा आणि माणसं काळवंडलेली. वारा सुटला की बोलण्यापेक्षा फडफड जास्त ऐकू यायची. बांगड्यांचा आवाज तर डोक्यात जाईल एवढा. दुपारच्या उन्हात तो तापायचा आणि पल्लवीचं बोलणं रंगात आलं की नेमका बंद पडायचा. चालता चालता काढलं तर चित्र असं हलायचं की बैलबंडीत बसल्याचा भास व्हावा, आणि हलणं कमी करायचं बटण दाबलं तर निम्मं वावर चौकटीबाहेर जायचं.

सुट्टी संपायच्या दिवशी सकाळी पल्लवी अंगण ओलांडून माझ्याकडे आली. मागं रेणू. आमच्या घरात मोठी वस्तू घेताना थोरल्यांना विचारतात. चुली वेगळ्या झाल्या तरी हे राहिलं आहे.

“ताई, तुमी सांगा,” पल्लवी कॅमेरा माझ्यापुढं ठेवून म्हणाली. “घ्याव का नाई? तुमी म्हणसान तसं.”

मी सांगितलं. एकेक करून सगळं सांगितलं. धुरकट कापूस, वारा, बांगड्या, तापणं, हलणं, बुजगावणं. एकही गोष्ट खोटी नव्हती. शेवटी म्हटलं, “मोबाईल यापेक्षा वाईट नाही. उगीच कशाला?”

रेणू माझ्याकडे बघत होती. सगळ्या सुट्टीत पहिल्यांदा ती माझ्याकडे अशी बघत होती. “आई, तू एवढं सगळं पाहत होतीस? आम्हाला तर निम्मं पण नाही कळलं.”

पल्लवीनं कॅमेरा पिशवीत ठेवला. “मंग नाई घेत. बरं झालं ताई, तुमाले विचारलं.” तिच्या चेहऱ्यावर नाराजी होती, पण माझ्याविषयी नव्हती. ती भांडली असती तर मला किती हलकं वाटलं असतं.

बॅग भरताना रेणू म्हणाली, “आता मी दर रविवारी येत जाईन.”

माझ्या हातातली कपड्यांची घडी तशीच राहिली. तोवर ती महिन्यातून एकदा यायची, तीही बोलावलं तर. “खरंच?”

“मग काय! काकूचा मोबाईल कोण धरणार? त्याच्या मागच्या कॅमेऱ्यानं काढलं की छान येतं, पण तिला ती स्वतः दिसत नाही. कुणीतरी लागतंच.”

मी घडी पूर्ण केली.

तिला देवळीला बसमध्ये बसवून द्यायला मीच गेले आणि कॅमेराही मीच परत केला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, काय कमी पडलं? मी दोष सांगायला लागले तसा तो हसला. “वहिनी, पांढरं लय दिसलं का हा सारंच काळं करते. ही चकरी दोन घर पुढं करा लागते, मंग कापूस कापसासारखा दिसते.” त्यानं चकरी फिरवली. मग पडदा उघडून पुढं वळवला, कॅमेरा एका तिवईवर ठेवला आणि मला समोर उभं केलं. “अन् याची खरी मजा हे हाये. असा ठुला का एकटं माणूस सारं करते. आपलं आपल्याले दिसते. दुसरं कोनी धराले लागतच नाई. त्याच्यासाठीच तं लोकं घेतेत हा.”

पडद्यात मी होते. सोललेलं नाक, विस्कटलेले केस, आणि चेहऱ्यावर चौकोन. मी डावीकडे सरले, तोही सरला. इतके दिवस मी ज्याच्यासाठी मान वर करून कापूस वेचला, तो इथं एका दुकानात, कुणी बघत नसताना माझ्यावर येऊन बसला होता.

आणि मला कळलं की मी सगळं पाहिलं, पण तो पडदा कशासाठी आहे तेवढं पाहिलं नाही. मला तो नट्टापट्टा वाटला. कॅमेरा घेतला असता तर पल्लवी तो तिवईवर ठेवून एकटी बोलली असती. रेणू तिच्यापासून सुटली असती. मी ‘नको’ म्हणून पोरीचा हात काकूच्या मोबाईलला बांधून टाकला.

“ठेवता का मंग?” त्यानं विचारलं.

मी उभी राहिले. मनातल्या मनात कॅमेरा घरी नेला, पल्लवीच्या हातात दिला, रेणूला मोकळं केलं. मोकळी झालेली रेणू रविवारी हॉस्टेलच्या खोलीत झोपून राहिलेली दिसली. मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेलेली दिसली. गावाकडे येणाऱ्या बसमध्ये ती मला काही केल्या दिसेना.

“नाही,” मी म्हटलं. “राहू द्या.”

चकरीचं मी घरी कुणाला सांगितलं नाही. पडद्याचंही नाही. वर्ष झालं. रेणू परीक्षेचे दिवस सोडले तर बहुतेक रविवारी आली. उन्हाळ्यात आली, भर पावसात चिखल तुडवत आली. आता पुन्हा कापूस फुटतोय आणि काल धुऱ्यावरून परतताना पल्लवी मला म्हणाली, “ताई, औंदा दुसरा एखादा कॅमेरा पाहाव का? रेणूले लय तरास होते नं दर रविवारी.” किती चांगली आहे ही बाई. मला तिचा फार राग आला. “आधी कापूस तर घरात येऊ दे,” एवढंच मी म्हटलं.

आज रविवार. बस फाट्यावर थांबली, रेणू उतरली. मी घ्यायला गेलेच होते, नेहमी जाते. दरवेळी वाटतं, आज ती आधी दुसरं काही विचारेल.

“आई, काकू वावरात गेली का?”

“गेली,” मी म्हटलं आणि तिच्या हातातली बॅग घेतली. ती पांदीच्या वाटेनं वावराकडे पळाली. मी बॅग घेऊन घरी आले. तिच्यात आठवड्याचे कपडे असतात. ते मी लगेच भिजवले, धुतले आणि माझ्या बाजूच्या तारेवर वाळत घातले. संध्याकाळपर्यंत वाळतील. मग ते घ्यायला तिला माझ्याकडे यावं लागेल.